गिअर नसलेली सायकल अन् सेमिनरी हिल्सचा चढ: वर्षभर चालवून झाल्यावरचा रिव्ह्यू

नागपूर सपाट आहे असं ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं तो नक्की स्कूटरवर बसला असणार. मलाही हेच सांगण्यात आलं, तेही बर्डीवरच्या एका सायकलच्या दुकानात, गेल्याच्या गेल्या दिवाळीत. दुकानदाराने विचारलं, जाणार कुठून कुठं? म्हटलं, रामनगर ते गिट्टीखदान, रोज, ऑफिसला. तर म्हणे, "मग गिअरचं काय करता भाऊ, आपलं नागपूर सपाट हाय, गिअर म्हणजे नुसती कटकट, सहा महिन्यात खराब होते." आणि मी भैताड, मान हलवली. रामनगर ते गिट्टीखदानच्या मधे अख्खं सेमिनरी हिल्स उभं आहे हे त्यालाही माहीत होतं अन् मलाही माहीत होतं, पण ८,६०० रुपये अन् १५,००० रुपये यातला फरक समोर असला की माणसाला भूगोल आठवत नाही.

ब्रँडचं नाव देत नाही, कारण या रेंजमधल्या सगळ्या सिंगल स्पीड सायकली आतून साधारण सारख्याच असतात, स्टिकर तेवढं वेगळं. २६ इंची चाकं, जाडसर टायर, लोखंडी फ्रेम, पुढे-मागे दोन्हीकडे व्ही ब्रेक (रिमला दोन बाजूंनी दाबणारे), अलॉयचे रिम, मागे एकच फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचा दातेरी चक्का. घरच्या वजनकाट्यावर आधी एकटा उभा राहिलो, मग सायकल उचलून उभा राहिलो, फरक निघाला १६ किलो. बायको म्हणाली, दोघांचंही वजन जास्त आहे.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला निघालो. रवीनगरपर्यंत राजासारखा गेलो. फुटाळ्याच्या काठाने गार वारा होता, तलावावर दोन-चार फिरायला आलेले काका लोक, मस्त वाटलं, मनात म्हटलं उगाच इतके वर्ष पेट्रोल जाळलं. मग तिथून वर वळलो. पहिले शंभर एक मीटर जोरात मारली, कारण सगळेच तसं करतात. त्यानंतर पॅडल जड होत गेलं, म्हणजे कसं, आधी पाय पॅडलला फिरवत होता, मग पॅडल पायाला थांबवायला लागलं. सीटवरून उठलो, उभं राहून मारली, हँडल डावीकडे उजवीकडे झुलायला लागलं, मागून एक स्कूलव्हॅन हॉर्न देऊन राहिली, कानात नुसता धक धक आवाज, आणि एका क्षणी उजवा पाय वर, डावा खाली, सायकल तिथल्या तिथे उभी. पडलो नाही एवढंच. उतरलो. ऑफिसला पोचलो तेव्हा शर्ट अंगाला चिकटलेला आणि आमचा शिपाई विचारतो, "सर, पाऊस आहे का तिकडं?"

आठवडाभर असंच चाललं. रोज त्याच जागी, थोडं मागे-पुढे, सायकल उभी राहायची. त्याच रस्त्यावर मला रोज एक दूधवाला भेटायचा. त्याची जुनी काळी सायकल, दांडीच्या ब्रेकची, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेले, वरून एक पिशवी हँडलला. हा माणूस चढाच्या सुरुवातीला शांतपणे पॅडल मारत यायचा, घाई नाही काही नाही, आणि एका ठरावीक विजेच्या खांबापाशी आला की उतरायचा. दमल्यासारखा नाही, आपण बसमधून आपला स्टॉप आला म्हणून उतरतो तसा. मग सायकल ढकलत चालायचा, वरच्या वळणापाशी परत बसायचा. मी त्याच्या पुढे जाऊन फाटत फाटत वर पोचायचो, पाच मिनिटं श्वास घेत उभा राहायचो आणि तेवढ्यात तो माझ्या बाजूने निघून जायचा. रोज. आमच्यात बोलणं कधीच झालं नाही, पण एक दिवस जाता जाता तो हसला ते मला चांगलंच लागलं.

मग मी घरी येऊन दात मोजले. सायकलचे. पुढच्या चक्क्याला ४४ दात, मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पॅडलचा एक पूर्ण फेरा मारला की मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे फिरतं, आणि २६ इंची चाकाचा घेर टायर धरून दोन मीटरच्या थोडा वर जातो, म्हणजे एका पॅडलात सायकल पाच मीटर पुढे. सपाट रस्त्यावर हे झकास आहे, ताशी २० च्या स्पीडला मिनिटाला ६५-६६ फेरे, पायांना आरामात झेपते. पण चढावर आपल्यासारखा माणूस ताशी ८ नेच जाणार, तेव्हा मिनिटाला होतात २६ फेरे. २६! जिन्यावर एक पायरी चढून सेकंदभर थांबायचं, मग दुसरी चढायची, आणि पाठीवर सिलेंडर, असा तो प्रकार आहे. दम फुफ्फुसाचा नाही जात, गुडघ्यावर येतं सगळं.

तर मुद्दा असा की माझ्या सायकलला गिअर नाही हा प्रॉब्लेमच नव्हता. गिअर आहे की, एक आहे. तो एक चुकीचा आहे. कंपनी जो गिअर लावून देते तो अशा पोट्ट्यासाठी आहे जो शाळेच्या ग्राउंडभोवती गोल गोल मारणार, आणि तो बदलता येतो हे सायकल विकताना कोणी सांगत नाही. विकणाऱ्याला बहुतेक स्वतःलाच माहीत नसतं.

ज्या दुकानातून सायकल घेतली तिथं गेलो, तीन फ्री सर्व्हिसिंगचं कार्ड घेऊन. त्या लोकांनी हवा भरली, चेनवर तेल ओतलं (ओतलंच, पुढचे दोन दिवस पँटवर काळी रेघ), आणि फ्रीव्हीलचं विचारलं तर म्हणे असं काही होत नाही साहेब, कंपनी फिटिंग आहे, हात लावला तर वॉरंटी जाईल, तुम्ही एक्सचेंजमध्ये गिअरवाली घेऊन टाका. दुसऱ्या सर्व्हिसिंगला तेवढंच केलं. तिसऱ्याला मी गेलोच नाही. या भागाला पाचपैकी एक स्टार, तोही हवा बरोबर भरली म्हणून.

शेवटी गोकुळपेठ मार्केटच्या मागे एक सायकलवाले चाचा आहेत, टपरीवजा दुकान, बाहेर पाण्याची लोखंडी घमेली पंक्चर बघायला, आत भिंतीला जुने टायर टांगलेले. त्यांना म्हटलं, चाचा, चढावर जड जाते, मागचं फ्रीव्हील मोठं, जास्त दातांचं टाकता येईल का? त्यांनी सायकल उलटी केली, पॅडल एकदा फिरवलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "वीस टाकू का बावीस?" बस. एवढंच. महिनाभर मी ज्याच्यासाठी डोकं फोडून राहिलो होतो ते त्यांना चहात साखर किती एवढ्याच महत्त्वाचं होतं. मी म्हटलं बावीस. तर म्हणाले, "बावीसनं चढते आरामात, पन मंग उतारावर पाय नुसते हवेत फिरते बरं का. मंग नोको म्हनू."

काम बघण्यासारखं होतं म्हणून सांगतो. फ्रीव्हील हे मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसलेलं असतं आणि आपण जेवढं पॅडल मारतो तेवढं ते घट्ट होत जातं, त्यामुळे महिनाभर चढावर ताकद लावल्यावर ते पान्याने निघायचा सवालच नाही. चाचांनी चाक काढलं, फ्रीव्हीलच्या खाचेत एक छोटासा पुलर बसवला, वरून ॲक्सलचा नट हलकासा आवळला म्हणजे पुलर सटकू नये, आणि तो पुलर खाली करून व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या शिकंज्यात, पकडला. मग अख्खं चाक दोन्ही हातांनी धरलं, ट्रकचं स्टिअरिंग धरतात तसं, आणि डावीकडे पिळलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा कट्ट करून आवाज आला, मला वाटलं गेलं हब. चाचा म्हणे, "सुटलं." नवीन २२ दाती बसवताना आट्यांना ग्रीस लावलं आणि नुसत्या हाताने फिरवून सोडलं, बाकीचं तुमचे पाय आवळते म्हणाले. दात चार वाढले म्हणून चेन पुरेना, तर एक कडी जोडली. फ्रीव्हील, कडी, मजुरी धरून ३२० रुपये. अन् जुनं अठरा दाती फ्रीव्हील पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशीचा चढ मी विसरणार नाही. असं नाही की उडत गेलो. पण पायावरचा जोर १८ टक्क्यांनी कमी झाला (१८ भागिले २२, करून बघा), एका पॅडलात आता पाच ऐवजी चार मीटरच्या थोडं वर, आणि त्या खांबापाशी, जिथं दूधवाला उतरतो तिथं, माझी सायकल उभी राहिली नाही. हळू झाली, खूप हळू झाली, मी उभा राहून मोजून वीस-बावीस पॅडल मारले आणि वळण आलं. वळणावर रस्ता जरा मवाळ होतो. तिथून जपानी गार्डनपर्यंत बसून गेलो. टीव्ही टॉवरकडं बघून उगाच हसू आलं. मागं वळून बघितलं तर दूधवाला त्याच्या खांबापाशी उतरत होता, त्याला माझं काही पडलेलं नव्हतं.

आता याची किंमत काय ते पण सांगतो, कारण रिव्ह्यू म्हटला की लोक फक्त गुण गातात. सपाट रस्त्यावर सायकल आता भैताडासारखी वाटते. २० च्या स्पीडला मिनिटाला ८० फेरे, २५ ला १०० च्या आसपास, म्हणजे पाय मिक्सरसारखे फिरतात आणि सायकल आपली चालली आहे निवांत. सिव्हिल लाइन्सच्या मोकळ्या रस्त्यावर, जिथं झाडं आहेत, रस्ता चांगला आहे, खरं म्हणजे स्पीड काढायची जागा, तिथं शाळेतली पोट्टी मला ओव्हरटेक करतात आणि वळून बघतात. उतारावर तर पॅडल मारणंच सोडून दिलं, चाचा म्हणाले होते तसंच. पहिले पंधरा दिवस चिडचिड झाली. मग लक्षात आलं की माझ्या सात किलोमीटरच्या रस्त्यात सपाटावर स्पीड काढून वाचणार किती, दोन-तीन मिनिटं, तेवढी तर सिग्नलला जातात. चढावर मात्र उतरून ढकलण्याच्या ऐवजी चालवत गेलो तर अंगातला जीव वाचतो, आणि ऑफिसात लोक पाऊस आहे का विचारत नाहीत.

याच्यावर वाचता वाचता एक गोष्ट कळली ती फार आवडली. टूर द फ्रान्स, जगातली सगळ्यात मोठी सायकल रेस, तिथं १९३७ पर्यंत गिअर बदलायचे डिरेलर वापरूच देत नव्हते. लोक आल्प्ससारखे पहाड एका गिअरवर चढायचे. म्हणजे अगदी एकच नाही, मागच्या चाकाला दोन्ही बाजूला वेगवेगळ्या दातांचे चक्के असायचे, पहाडाच्या पायथ्याशी आले की खाली उतरायचं, नट ढिले करायचे, चाक काढून उलटं बसवायचं आणि परत निघायचं. गिअर बदलायचा म्हणजे हे असं. मी चाचांना सांगितलं तर ते म्हणे, "मंग पान्हा खिशात ठेवून रेस खेळत असतीन." त्यांना ते काही विशेष वाटलं नाही.

पान्ह्यावरून आठवलं, मला झालेला एकमेव मोठा घोळ. जुलैमधली गोष्ट, रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडलं होतं. चढावर उभं राहून जोरात पॅडल मारलं आणि मागून कर्रर्र असा आवाज, सायकल जागेवर जाम. खाली उतरून बघतो तर मागचं चाक तिरकं झालेलं, टायर फ्रेमच्या डाव्या दांडीला घासून बसलेला. कारण सोपं आहे पण झाल्याशिवाय कळत नाही. सिंगल स्पीडमध्ये चेन ताणायला मागचं ॲक्सल आडव्या खाचेत पुढे-मागे सरकतं, चेन उजव्या बाजूला, तर ताकद लावली की उजवी बाजू पुढे ओढली जाते, नट जरा जरी ढिला असला की ॲक्सल सरकतं आणि चाकाचं तोंड डावीकडे वळतं. गिअरवाल्या सायकलींमध्ये खाच वेगळी असते, तिथं हे सहसा होत नाही. माझ्याकडे पान्हा नव्हता. हजारी पहाडकडून येणाऱ्या एका प्लंबर भाऊने त्याच्या पिशवीतून काढून दिला, चाक सरळ करून नट आवळला, आणि पैसे विचारले तर म्हणे काऊन लाजवता. त्या दिवसापासून १५ नंबरचा पान्हा बॅगेत असतो, आणि चाचांनी दोन्ही बाजूंना चेन ॲडजस्टर लावून दिले, साठ रुपयांत. हे ॲडजस्टर कंपनीने फॅक्टरीतूनच द्यायला पाहिजेत, ज्या सायकलच्या जाहिरातीत डोंगर दाखवता तिला चढावर चाक जागेवर ठेवायची सोय नाही, कमाल आहे.

चेनचंही एक बघावं लागतं. फार ढिली ठेवली तर खड्ड्यात आदळून उतरते, फार ताणली तर पॅडल जड फिरतं आणि आतले छर्रे खराब होतात. मधोमध बोटाने दाबून अर्धा इंच हलली पाहिजे, एवढं माझ्यासाठी बस झालं. बाकी मेंटेनन्स म्हणाल तर या बाबतीत दुकानदार खरं बोलला होता, कटकट नाही. आमच्या ऑफिसातल्या मित्राची २१ गिअरची आहे, तिचा मागचा डिरेलर पार्किंगमध्ये कोणाच्या तरी गाडीने वाकवला तेव्हापासून ती तिसऱ्या अन् पाचव्याच्या मध्ये खडखड करून राहिली, तीन मेकॅनिक झाले. माझ्या सायकलमध्ये वाकण्यासारखं काहीच नाही.

चढ झाला की उतार येतो आणि उताराचं कोणी बोलत नाही. १६ किलोची सायकल, वर मी, खाली फुटाळ्याच्या बाजूला येताना स्पीड पटकन तीसच्या वर जातो. कोरड्यात व्ही ब्रेक चांगले आहेत, तक्रार नाही. पण पावसात पहिली दोन-तीन सेकंदं ब्रेक दाबून काहीच होत नाही, रिमवरचं पाणी पुसलं जातं मग पकडतो, म्हणून मी वळणाच्या बऱ्याच आधीपासून हलका दाबून ठेवतो. सेमिनरी हिल्सला झाडांचा पाला रस्त्यावर पडून ओला झालेला असतो त्याच्यावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हे मला कोणी शिकवलं नाही, माझ्या कोपराने शिकवलं. ब्रेकचे रबर गुटके वर्षात दोनदा बदलले. जुन्या काळ्या सायकलींना चकचकीत लोखंडी रिम असायचे ते तर पावसात जवळपास थांबतच नाहीत. माझे बाबा तसल्या सायकलवर कितीतरी वर्षं कॉटन मार्केटला जायचे, भाजीचं पोतं मागे बांधून, आणि पावसात पाय टेकवून थांबवायचे. एका चपलेची टाच कायम झिजलेली असायची, दुसरी नवी.

आता नागपूरचे खरे घाट. सेमिनरी हिल्स राहिलं बाजूला, ज्याला रोज पूर्व नागपुरात जायचं त्याचे घाट म्हणजे उड्डाणपूल. रामझुल्यावर संत्रा मार्केटच्या बाजूने चढून बघा एकदा. चढ तसा फार नाही, पण वर सावली नाही, बाजूने ऑटो, बस, सगळे घाईत, मधेच थांबायची सोय नाही आणि वर पोचलं की वारा तोंडावर. तिथं एकाच गिअरची सायकल म्हणजे कसोटी, कारण मागून हॉर्न वाजत असताना उतरून ढकलणं पण धोक्याचं. १८ दाती फ्रीव्हीलवर मी तिथं एकदाच गेलो आणि परत येताना लांबचा रस्ता धरला. २२ वर जमते. सदरच्या पुलाखालून जातो, वरून जात नाही, माझ्या हिमतीची हद्द तेवढीच आहे.

आणि नागपूर सपाट म्हणणाऱ्यांना अजून एक. जिथं मला हे ज्ञान मिळालं ती बर्डी, म्हणजे सीताबर्डी, स्वतः दोन टेकड्यांची आहे. १८१७ मध्ये भोसले अन् इंग्रजांची लढाई झाली ती याच टेकड्यांवर, आणि टेकडी गणपती काय सपाटीवर आहे म्हणून टेकडी गणपती आहे का? टेकडीखालच्या दुकानात बसून माणूस सपाटीचं सर्टिफिकेट देऊन राहिला.

उन्हाळ्याबद्दल काय बोलू. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर मी सायकल बंद केली, ती जूनपर्यंत. आपल्याकडं पारा ४५ पर्यंत जातो, सकाळी आठलाच डांबर गरम लागतं, त्यात चढावर ताशी ८ ने जाणं म्हणजे अंगाला वारासुद्धा लागत नाही. गिअर असले तरी तेच झालं असतं. हा सायकलचा दोष नाही, मार्क कापत नाही.

डिसेंबरमध्ये मात्र चेव आला आणि रामटेकला नेली. त्रिपुरी पौर्णिमेची गर्दी ओसरून गेली होती. सोबत तो २१ गिअरवाला मित्र. पहाटे पाचला निघालो, ऑटोमोटिव्ह चौक, कामठी, कन्हान, कन्हानला तर्री पोहे (तर्री जास्त झाली, पुढे पश्चात्ताप), मग मनसरपर्यंत हायवे. पन्नासच्या वर किलोमीटर झाले आणि खरं सांगतो, या सपाट हायवेवरच २२ दाती फ्रीव्हीलने माझा जीव खाल्ला, चढावर नाही. मित्र मोठ्या गिअरला टाकून निवांत जायचा, पुढे जाऊन थांबायचा, मोबाईल बघायचा, मी फिरवतोच आहे फिरवतोच आहे. शंभर रुपये जास्त लागले असते तरी तिथंच कोणाकडून १८ परत बसवून घेतलं असतं.

गडाच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन वर आलं होतं. पहिलं वळण बसून, दुसऱ्याच्या मधोमध उभं राहून, आणि तिथं मला समोर एक खांब दिसला. नेहमीचा विजेचा खांब, काही विशेष नाही. मी खांबापाशी उतरलो. जीव जाईपर्यंत वाट नाही बघितली, पाय अजून चालत होते, तरी उतरलो आणि ढकलायला लागलो. मित्र सगळ्यात छोट्या गिअरवर माझ्या बाजूला, त्याचे पाय भराभर फिरत होते आणि सायकल माझ्या चालण्याच्याच स्पीडने जात होती, आम्ही व्यवस्थित गप्पा मारत वर गेलो, फक्त तो धापा टाकत बोलत होता. शेवटच्या टप्प्यात तो पुढे गेला, पाच एक मिनिटं आधी पोचला असेल. वर माकडांनी त्याची चिक्की पळवली होती तोपर्यंत, म्हणजे लवकर पोचून काय मिळवलं. गड मंदिराच्या पायऱ्यांवरून खाली सगळा भाग दिसतो, अंबाळा तलाव दिसतो, थंडीत फार सुंदर. येताना सायकली दुसऱ्या एका मित्राच्या बोलेरोत टाकून आणल्या, खोटं कशाला बोलू.

चिखलदऱ्याला नेशील का असं तिघांनी विचारलं. नाही. परतवाड्याहून वर तो घाट तीसेक किलोमीटरचा आहे, तिथं मी १,१०० मीटर उंचीवर सायकल ढकलत पोचलो तर ती सायकल ट्रिप नाही, पदयात्रा झाली. तिथं गिअर पाहिजेतच, अन् चांगले पाहिजेत.

तर घ्यावी का? रोजचा रस्ता दहाच्या आत असेल, मधे एखादाच चढ असेल, आणि पैसे मोजूनच आहेत, तर घ्या, पण घेतानाच ४०० रुपये बाजूला ठेवा आणि पहिल्या आठवड्यातच मागचं फ्रीव्हील बदला. चढ हलका असेल तर २० चं टाका, मला आता वाटतं २० च बरोबर राहिलं असतं, रामटेकच्या हायवेवर तर नक्कीच. ॲडजस्टर लावून घ्या, पान्हा ठेवा. गुडघे आधीच दुखत असतील तर मात्र एका गिअरच्या नादी लागू नका, उभं राहून जोर मारायची सवय गुडघ्याला महागात पडते. सायकलला साडेतीन स्टार, दुकानाला एक, चाचांना पाच.

ते अठरा दाती फ्रीव्हील अजून पेपरात गुंडाळून माझ्या पानेवाल्या डब्यात पडलं आहे, जेमतेम महिनाभर चाललेलं. मनीषनगर, बेसाकडच्या कोणाला सपाट रस्त्याला लागत असेल तर सांगा, फुकट आहे, फक्त घ्यायला रामनगरला यावं लागेल, मी तिकडं पुलावरून येणार नाही.